दाजींच्या टेबलावरची लातूर गाडी

साऱ्या मराठवाड्यात आमच्या दाजींइतका डोक्यात जाणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. हे मी उगाच बोलत नाही. मी एस.टी.त कंडक्टर आहे. पुढच्याच गावाला जायचं आणि पाचशेची नोट काढणारे, मिसरूड फुटलेल्या पोराचं हाफ तिकीट मागणारे, दारात लोंबकळत राहून 'आत जागाच न्हाई' म्हणून ओरडणारे, असे सगळे नमुने मी रोज बघते, रोज त्यांच्याशी भांडते आणि घरी येऊन विसरून जाते. दाजी विसरता येत नाहीत. ते माझ्या सख्ख्या अक्काचे नवरे आहेत, आणि नोकरीत बदली मागता येते, बहिणीच्या नवऱ्याची मागता येत नाही.

दाजी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात आहेत. वय त्रेपन्न. दिसायला गरीब, चालायला हळू, बोलायला त्याहून हळू. गल्लीतले लोक म्हणतात, 'साहेब लई शांत माणूस.' मला या लोकांना एका रविवारी दुपारी अक्काच्या हॉलमध्ये नेऊन बसवायचंय. कारण हा शांत माणूस लढाया करतो. खेळण्यांच्या लढाया. बाजारातून स्वस्तातल्या प्लास्टिकच्या गाड्या आणायच्या, जीप, ट्रक, ट्रॅक्टर, कचऱ्याची घंटागाडीसुद्धा. त्या कापायच्या, जोडायच्या, त्यांना तोफा लावायच्या, मातकट रंग द्यायचा, आणि मग टेबलावर बोटाच्या पेराएवढी माणसं उभी करून, टेपनं मापून एकेक गाडी पुढं सरकवायची. कोण मेलं आणि कोण वाचलं, ते फासा टाकून ठरवायचं. जगात पुष्कळ लोक हे खेळतात म्हणे. खेळत असतील. जगात पुष्कळ लोक पुष्कळ काही करतात, पण ते माझ्या अक्काच्या जेवणाच्या टेबलावर करत नाहीत.

गाडी विकत घ्यायची त्यांची तऱ्हा तर बघण्यासारखी असते. एकदा मी सोबत होते, नाइलाजानं. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला खेळण्यांचे गाडे लागतात, तिथं एकापुढं दाजी उभे राहिले, शर्टाच्या खिशातून एक प्लास्टिकचा शिपाई काढला आणि तो एकेका गाडीच्या दाराला लावून बघायला लागले. शिपाई दारातून आत जाईल का, सीटवर बसला तर डोकं टपाला लागेल का, हे सगळं वाकून, एक डोळा मिटून. गाडेवाला बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बच्चा कित्ता बड़ा है साहब?" दाजी मान वर न करता म्हणाले, "तिरपन का." त्या बिचाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याच्या पलीकडं बघितलं, माझी नि यांची ओळखच नसल्यासारखं. पुढं त्यानं चावीवर पळणारी, दिवे लागणारी जीप दाखवली तर दाजी म्हणाले, आतलं यंत्र काढून द्या. चालणारी गाडी विकत घेऊन तिला बंद पाडणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पहिल्यांदा बघितलं असेल.

घरी आणल्यावर त्या गाडीची जी काही दशा होते ती होते, पण खरी दशा अक्काच्या संसाराची होते. चहाच्या गाळणीची जाळी रणगाड्याच्या इंजिनावर बसते. रिकाम्या रिफिलीची तोफ होते. टूथपेस्टचं झाकण म्हणजे पाण्याची टाकी. अक्काच्या बीपीच्या गोळ्या दाजींनी एकदा पाकिटातून सगळ्या बाहेर काढून वाटीत ठेवल्या, कारण पाकिटाचे ते फुगीर कप्पे त्यांना ट्रकचे दिवे म्हणून पाहिजे होते. अक्कानं ती वाटी उपवासाचा साबुदाणा समजून बाजूला सरकवली असती तर काय झालं असतं, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, "आपल्याकडं उपवास कुठं करतेत?" यावर माणसानं भिंतीवर डोकं आपटायचं, दुसरं काय!

नवी कोरी गाडी दाजींना बघवत नाही. ती मळवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. चहाचा चोथा, विटेचा भुगा, गोदावरीच्या काठची वाळवलेली माती, हे सगळं डब्यांत भरून ठेवलेलं असतं आणि अक्का त्यातला एखादा डबा मसाल्याचा म्हणून उघडते. मळ नेमका कुठं आणि किती लागतो, याचा अभ्यास करायला ते एकदा बस स्टँडवर आले. माझी धर्माबादची गाडी भरून उभी होती, सुटायची वेळ झाली होती, आणि हे ऑफिसचे कपडे घालून मागच्या चाकाशी उकिडवे बसले. खाली वाकून बघतायत, बोट फिरवतायत, मान डोलावतायत. खिडकीतल्या एका म्हातारीनं ते बघितलं आणि ओरडली, "ओ बाई, टायर फुटलंय जणू!" झालं! अर्धी गाडी खाली उतरली, उरलेली अर्धी का उतरायचं ते विचारायला उतरली. मी धावत मागं गेले. "दाजी, काय करायलात?" तर म्हणतात, "काही नाही, चिखल कुठवर उडतो ते बघत होतो. तुमच्या गाडीला फार सुंदर चिखल आहे." गाडी सुटायला उशीर झाला, वर मला ऐकून घ्यावं लागलं. मी काय सांगणार होते, आमच्या दाजींना चिखल आवडला म्हणून?

आणि रविवार! रविवारी सकाळी दाजी पांढरा शर्ट घालून विहारात जातात, हात जोडून पंचशील घेतात. पहिलंच शील, पाणातिपाता वेरमणी, मी जीवहत्या करणार नाही. बाराला घरी येतात, जेवतात आणि दोनच्या आत टेबलावर दोन पलटणी गारद करतात. तेही कुठं? हॉलच्या भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली तोफांची रांग. अक्का भांडून भांडून थकली. दाजींचं उत्तर ठरलेलं. "प्लास्टिकला प्राण नसतो, त्यामुळं शील मोडत नाही." एवढं म्हणून फोटोकडं बघून हात जोडतात आणि फासा टाकतात.

समोर शत्रू म्हणून बसतात ते लातूरचे एक अडतवाले. त्यांना सगळे लातूरकरच म्हणतात. यांची ओळख मोबाईलवर झाली म्हणे. एकासारखा दुसरा येडा सापडायला आता गाव सोडावं लागत नाही. लातूरकर दर रविवारी लातूरहून आमच्याच एस.टी.नं येतात, मांडीवर तुरीच्या डाळीचा डबा घेऊन. डब्यात डाळ नसते, फौज असते. टेबलावर नांदेड ते लातूर रस्ता मांडलेला असतो. अक्काची निळी साडी फाडून केलेली गोदावरी, हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजाची झाडं, मग लोहा, अहमदपूर, शिरूर, चाकूर, आणि पार त्या टोकाला लातूर. नांदेड मोठं का लातूर मोठं हा वाद आमच्याकडं चहाच्या टपरीवर रोज होतो. या दोघांनी तो तोफा लावून चालवलाय. दाजी नांदेडचे सेनापती, लातूरकर लातूरचे. नियम मात्र दोघांनी इतके कडक पाळलेत की फासा टेबलावरून खाली पडला तर तो पुन्हा टाकायचा का नाही यावर एकदा त्यांनी दोन रविवार वाद घातला. फासा पडला की पडला, त्यावर अपील नाही, ही दाजींची म्हण.

आता इथवरचं सगळं मी पोटात घातलं होतं. मेहुणी आणि दाजी, थट्टेचं नातं, चालायचंच. पण त्यांनी माझ्या एस.टी.ला हात लावला.

माझी एस.टी. म्हणजे लाल प्लास्टिकची, हातभर नव्हे, वीतभरच. आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, माळेगावच्या जत्रेतून माझ्यासाठी आणलेली. दादा एस.टी.त ड्रायव्हर होते. उजवा कोपर खिडकीबाहेर, गळ्यात ओला रुमाल, आणि स्वभाव असा की शाळेच्या सुट्टीत मला सोबत न्यायचे तेव्हा कंडक्टर 'राहू द्या हो, पोरगी तुमचीच हाय' म्हणायचा, तर दादा गाडी सुरूच करायचे नाहीत. "पोरगी माझी हाय, गाडी माझी न्हाई. हाफ फाड." माझं तिकीट फाटल्याचा आवाज आल्यावरच किल्ली फिरवायचे. त्या खेळण्यातल्या एस.टी.चा पुढचा बंपर मी लहानपणी चावलेला होता, त्यावर माझ्या दाताची खूण होती. लग्नानंतर माझं घर लहान, म्हणून ती अक्काच्या शोकेसमध्ये होती.

दादा गेले ते ड्युटीवर. नांदेड–लातूर गाडी होती. चाकूरच्या अलीकडं छातीत कळ आली, तर त्यांनी भरलेली गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, एका लिंबाखाली लावली, हँडब्रेक ओढला आणि कंडक्टरला म्हणाले, पॅसेंजरला मागच्या गाडीत बसवून दे. पॅसेंजर सगळे लातूरला पोचले. दादा पोचले नाहीत. त्यांच्या जागी मला नोकरी लागली. म्हणजे ते गाडीवर होते तेव्हा मी नव्हते आणि मी आले तेव्हा ते नव्हते. आम्ही बापलेक एका गाडीवर कधी ड्युटीला आलोच नाही. आणि एक सांगते, डेपोत सगळ्यांना ठाऊक आहे पण कुणी काढत नाही: मी लातूरची ड्युटी घेत नाही. देगलूर द्या, धर्माबाद द्या, लग्नाच्या तिथीला कंधार द्या, कुरकुर करीन पण जाईन. लातूर नाही.

तर दादांच्या स्मृतिदिनाला मी अक्काकडं गेले. वंदना झाली, खीर झाली, आणि माझं लक्ष शोकेसकडं गेलं. जागा रिकामी! वळून बघते तर टेबलावर माझी एस.टी. पण माझी कुठली? लाल रंग गेलेला. अंगभर माती फासलेली. खिडक्यांना गाळणीची जाळी, बाजूला वाळूच्या पोत्यांची रांग, टपावर पत्रा. लढाईची गाडी केली होती तिची. जत्रेतून दादांनी छातीशी धरून आणलेल्या गाडीची!

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. आवाज माझा मुळातच डबल. सरकारनं शिट्टी दिली नसती तरी चाललं असतं. गल्लीतले लोक दारात आले. मी म्हणलं, "दाजी, तुम्हाला लाज कशी वाटली नाही? बाजारात गाड्या संपल्या होत्या का? स्वतःच्या बापाचा चष्मा कापला असतात का असा?" दाजी खाली मान घालून उभे. शेवटी बोलले काय, तर "ती मापात बसत होती." मापात! मी ताट तसंच ठेवून उठले. त्यानंतर सगळा हिवाळा मी त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही. फोन त्यांनी उचलला तर मी ठेवून द्यायची. अक्का मधल्यामधे रडकुंडीला आली. "तुम्ही दोघं भांडा, नाहीतर मरा, पण माझ्यामार्फत निरोप पाठवू नका," म्हणाली. मी म्हणलं, निरोप कसला, मला त्यांना काही सांगायचंच नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी अक्कानं कुरडयांना बोलावलं. रविवार होता, पण मी ठरवूनच गेले, यांचं तोंड बघायचं नाही म्हणून थेट गच्चीवर. चीक हाटून, सोऱ्यातून कुरडया पाडून हात कोपरापर्यंत चिकट झाले आणि पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात उतरले. हॉलमधून लातूरकरांचा आवाज आला, "साहेब, आता मामाची गाडी वाचत न्हाई बघा. चाकूरच्या अलीकडंच गाठली."

मी तांब्या होता तिथं ठेवला. दाजी 'मामा' म्हणतात अशी व्यक्ती या जगात एकच होती, त्यांचे सासरे, आमचे दादा. मी तशीच बाहेर गेले. सगळ्या हिवाळ्यानंतर त्यांच्याशी पहिला शब्द बोलले तो हा, "कोण मामा?"

दाजींनी टेप गुंडाळायला घेतला. गुंडाळलेला टेप परत उलगडला. लातूरकरांना बिचाऱ्यांना आमचं भांडण ठाऊक नव्हतं, ते भाबडेपणानं सांगायला लागले. "तुम्हाला म्हाईत न्हाई का ताई? साहेबांचा एकच हट्ट हाय. लढाई हरली तर हरली, पर ही एक एस.टी. नांदेडहून निघून लातूरला पोचली पाहिजे. लई रविवार झाले, एकदा बी पोचली न्हाई. समदी फौज हे तिच्याच भोवती लावतेत, आन् मी तिकडून आरामात नांदेड घेऊन बसतो. असा सेनापती म्या बघितला न्हाई."

मी वाकून बघितलं. जाळीच्या आत, स्टिअरिंगमागं, खाकी कपड्यातला एक ड्रायव्हर होता. करड्या मिशा. गळ्यात रुमाल. उजवा कोपर खिडकीबाहेर. मिशीचा एकेक केस त्या माणसानं कशानं रंगवला असेल देव जाणे. बंपरला सगळीकडं माती होती, फक्त माझ्या दाताची खूण तेवढी पुसून स्वच्छ ठेवलेली होती.

मला रडायला आलं की मी आधी भांडते. मी म्हणलं, "आणि ही जाळी कशाला? ही पोती कशाला? दादांनी कधी पोती लावून गाडी चालवली होती?"

"रस्ता धोक्याचा आहे," दाजी हळूच म्हणाले. "लातूरकरांच्या तोफा आहेत. मामांना उघड्या गाडीत कसं सोडू?"

"मग एकदा खोटं खेळा की! कोण बघतंय? उचला आणि ठेवा लातूरला! एवढे रविवार घालवलेत!"

दाजी माझ्याकडं बघून म्हणाले, "फासा न टाकता नेली तर मामा उतरायचे नाहीत."

यावर मला फार राग आला. तो कुठं काढावा म्हणून मी गाडीत बघत राहिले. ड्रायव्हर होता. मागं पॅसेंजर होते, एक टोपीवाला, एक लेकरू घेतलेली बाई. पुढं पाटी होती, नांदेड–लातूर. आणि मग माझ्या ध्यानात आलं आणि मी किंचाळलेच.

"कंडक्टर कुठाय?"

दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या घरातला हा एक माणूस, जो ट्रकचे खिळे मोजतो, चिखल कुठवर उडतो ते बघायला चाकाखाली जातो, त्याच्या तोंडून निघालं, "राहिला."

"राहिला? वायपर लावलात, आरसा लावलात, टपाची शिडी लावलीत, आणि कंडक्टर राहिला? घरात कंडक्टर असून? दाराकडं कोण बघतंय? बेल कोण देतंय? दोनदा बेल दिल्याशिवाय दादांनी आयुष्यात गाडी हलवली होती का? म्हणे पोचत नाही! पोचंल कशी?"

लातूरकर पुटपुटले, "आता विनावाहक गाड्या बी असतेत ताई..." मी नुसतं बघितलं. ते डाळीच्या डब्यात बघायला लागले.

"सरका," मी म्हणलं. "या गाडीची कंडक्टर मी आहे. आता काय करायचं सांगा."

दाजींनी सांगितलं. लातूरकरांच्या तोफेचा मारा गाडीवर झालाय. आता गाडीवाल्यानं एक फासा टाकायचा. चार, पाच, सहा पडलं तर गाडी वाचली. त्याच्या खाली पडलं तर बाद, गाडी टेबलावरून उचलायची. मी फासा घेतला आणि टाकला. पडेचना. चिकाला चिकटून तळहाताला लटकून राहिला. लातूरकर म्हणाले, "ताई, हात धुवून या. चिकट हाताचा फासा धरत न्हाईत." मी म्हणलं, "तुम्ही गप्प बसा! स्वतः दर रविवारी खिडकीची जागा धरून लातूरहून येता, आणि आमची गाडी तिकडं जाऊ देत नाही! माझ्या बापावर नेम धरता? पुढच्या वेळी माझ्या गाडीत बसून बघा!" पण हात धुऊन आले. नियम म्हणजे नियम.

टाकला. दोन.

अक्का गच्चीवरून हाका मारत होती, ते ऐकू येत होतं. लातूरकर चांगला माणूस. ते म्हणाले, "फासा कडेला लागून तिरपा पडला, ताई. धरू नका. परत टाका." दाजींनीसुद्धा आपलं ते 'अपील नाही' काढलं नाही. माझा हात फाशाकडं गेला होता, खोटं कशाला सांगू. पण तिकीट फाटल्याशिवाय किल्ली न फिरवणारा माणूस त्या जाळीमागं बसला होता.

"विनातिकीट लातूरला जायचं नाही," मी म्हणलं, आणि गाडी माझ्या हातानं टेबलावरून उचलली. दाजी पाठ करून उभे राहिले आणि टेपनं भिंत मापायला लागले.

पुढच्या रविवारी मी गेले ते कुरडया न्यायला. निदान अक्काला मी तसंच सांगितलं. दाजींनी काडेपेटी पुढं केली. आत कापसावर एक बाई होती, पेराएवढी. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, एक हात वर दांड्याला धरलेला आणि तोंड उघडं, चांगलं आ वासलेलं. मी म्हणलं, "तोंड का उघडं ठेवलंय?" दाजी म्हणाले, "बंद ठेवून बघितलं. कुणाला ओळखूच येईना." मी म्हणलं, नाक फार मोठं झालंय, माझं एवढं नाही. त्यावर आमचं अर्धा तास भांडण झालं. सगळ्या हिवाळ्याचं राहिलेलं भांडून घेतलं, फार बरं वाटलं. मग ते म्हणाले, "तूच बसव." मी ती बाई दारातून आत घातली आणि ड्रायव्हरच्या मागं, पहिल्या सीटपाशी उभी केली.

तेव्हापासून रविवारची सुट्टी मी तिथंच घालवते आणि दर रविवारी संतापून घरी येते. लोह्यात बाद, अहमदपुरात बाद, एकदा तर गोदावरीच्या पुलावरच बाद. मी लातूरकरांना नाही नाही ते बोलते, ते 'हाव ताई, खरं हाय' म्हणतात आणि पुन्हा तोफ लावतात. फाशांना शिव्या देते. दाजींना तर देतेच. गाडीला संरक्षण म्हणून ते पुढं रणगाडा ठेवतात आणि मग रणगाडाच रस्ता अडवतो, असला हा सेनापती.

मागच्या एका रविवारी मात्र गाडी शिरूरच्या पुढं गेली. चाकूर दिसायला लागलं. अलीकडं एक झाड होतं. सगळी झाडं स्पंजाची, हे एक खऱ्या लिंबाच्या काडीचं. इतके दिवस मी त्याच्याकडं बघायचं टाळत होते. गाडी त्याच्या बरोबर शेजारी येऊन उभी राहिली आणि मारा करायची बारी लातूरकरांची आली. त्यांच्या दोन तोफा समोरच होत्या. त्यांनी फासा उचलला. मुठीत हलवला. बराच वेळ हलवत राहिले, मग परत खाली ठेवला.

"ही बारी मी सोडली," ते म्हणाले.

दाजी ताठ झाले. "का?"

"माझी बारी, माझी मर्जी. नियमात बसतंय का न्हाई तेवढं सांगा."

दाजींनी विचार केला. नीट केला, नियम त्यांनीच केलेले. म्हणाले, "बसतंय." मग त्यांनी टेप लावला, गाडीवर हात ठेवला आणि तसेच थांबून राहिले. मला कळेना आता कशाला थांबलेत. ते माझ्याकडं बघत होते. मग कळलं. मी घसा खाकरला आणि तोंडानंच बेल दिली, दोनदा. गाडी लिंबाच्या पुढं गेली.

लातूरकर म्हणाले, "पुढच्या बारीला सोडत न्हाई बरं का ताई." मी म्हणलं, "सोडून तर बघा!" आणि नाहीच सोडलं त्यांनी. आष्टामोडला गाडी बाद झाली. दाजींनी ती उचलून पुसली आणि शोकेसमध्ये ठेवली, तिच्या जुन्या जागेवर. लातूर अजून यायचंय.

सोमवारी डेपोत ड्युटी लावणाऱ्या पोरानं न विचारता माझ्या नावापुढं धर्माबाद टाकलं. मी म्हणलं, लातूर टाक. तो वर बघायला लागला. "ताई, तुम्ही? लातूर?" मी म्हणलं, "का रे? लातूरला कंडक्टर लागत नाहीत का?"

गाडी भरलेली होती. अहमदपूर गेलं, शिरूर गेलं. मी मुद्दाम तिकिटांच्या कामात राहिले, एका काकांशी सुट्ट्यांवरून भांडलेसुद्धा. चाकूर जवळ आलं तसं ते भांडण अर्धवट सोडून मी पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभी राहिले. लिंब आहे तसाच आहे, थोडा वाढलाय. तिथं कुणाला उतरायचं नव्हतं, कुणाला चढायचं नव्हतं. गाडी थांबलेलीच नव्हती. तरी मी दोरी दोनदा ओढली.

ड्रायव्हर पोरगं नवीन. त्यानं दचकून आरशात बघितलं. मी म्हणलं, "माझ्याकडं काय बघतोस? रस्त्याकडं बघ."